हिजरतीनंतरची चूल

हिजरतीचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा मदिनेच्या वेशीवर येऊन थांबतो. मक्केतून गुपचूप निघणं, सौरच्या गुहेतले तीन दिवस, कुबा, स्वागताला जमलेली माणसं, उंटीण बसली ती जागा. सीरत स्पर्धेच्या पुस्तिकेत पान उलटलं की थेट बद्रची लढाई. मधलं दीड वर्ष कुठे गेलं? हा धडा शिकवत होते तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, ते पोचले त्या रात्री जेवले काय?" वर्ग हसला. मला मात्र तो इतिहासाचा प्रश्न वाटला.

घर सोडायला एक रात्र पुरते. ते दुसरीकडे मांडायला महिने लागतात. पाणी कुठून आणायचं, पीठ कोण दळणार, छप्पर गळतंय त्याचं काय, शेजारी कोण आहेत. याची माहिती आपल्याकडे भरपूर आहे. फक्त ती लढायांच्या प्रकरणांत नाही. हदीसच्या ग्रंथांत खाण्यापिण्याच्या, खरेदी-विक्रीच्या, लग्नाच्या प्रकरणांत ती विखुरलेली आहे. सांगणारे कोण, तर घरातली माणसं. हजरत आयेशा (र.), त्यांची मोठी बहीण हजरत अस्मा (र.), दहाव्या वर्षी पैगंबरांच्या (स.) सेवेला आलेले अनस बिन मालिक (र.), मदिनेतच वाढलेले सहल बिन साद (र.).

आधी गाव समजून घेऊ. ६२२ सालचं यसरिब हे मक्केसारखं एकगठ्ठा शहर नव्हतं. खजुरीच्या बागा, विहिरी, जवाची शेतं आणि त्यांच्यामध्ये पसरलेल्या वाड्या, असं ते होतं. मक्का नापीक दरीत वसलेली, व्यापारावर जगणारी. त्यामुळे आलेल्या मुहाजिरांना तराजू धरता येत होता, कुदळ नव्हे. अन्सारांनी आपल्या बागा निम्म्या वाटून द्यायची तयारी दाखवली. पैगंबरांनी (स.) ती मान्य केली नाही. शेवटी ठरलं ते असं की मुहाजिरांनी बागेत राबायचं आणि फळात वाटा घ्यायचा. ही व्यवस्था मला महत्त्वाची वाटते, कारण यात आलेला माणूस आश्रित होत नाही आणि घर देणाऱ्याची जमीनही जात नाही.

हवा मानवली नाही. हजरत अबू बक्र (र.) आणि हजरत बिलाल (र.) तापाने पडले. तापात बिलालना मक्केतलं काय आठवावं? गवत. इज़्ख़िर नावाचं सुगंधी गवत. आपला गवती चहा ज्या कुळातला, त्याच कुळातलं हे. मक्केत ते छपराच्या लाकडांमधल्या फटी बुजवायला वापरत, सोनार-लोहार भट्टीत जाळत, कबरीतही घालत. पुढे मक्का जिंकल्यावर तिथलं झाडझाडोरा तोडायला मनाई झाली, तेव्हा हजरत अब्बास (र.) यांनी लगेच विनंती केली की एवढं इज़्ख़िर तरी वगळा, घरांना लागतं. ती मान्य झाली. एवढ्या मोठ्या दिवशी छपराच्या गवताची आठवण ठेवणारा माणूस संसारीच असणार.

पैगंबर (स.) पहिले सुमारे सात महिने हजरत अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्या घरी राहिले. खाली पाहुणे, वर घरचे. एकदा वर पाण्याचं मडकं फुटलं. पाणी खाली ठिबकेल म्हणून नवरा-बायकोने घरातली एकुलती एक पांघरायची चादर काढली आणि तिने पाणी टिपून घेतलं. चादर एकच, हे त्या घराच्या ऐपतीचं माप आहे. जेवण वरूनच जायचं. एके दिवशी ताट जसंच्या तसं परत आलं. अबू अय्यूब घाबरले. कारण निघालं लसूण. पैगंबरांना (स.) त्याचा वास नको होता, पण लसूण हराम नाही हेही त्यांनी सांगितलं. पाहुणा आणि यजमान एकमेकांच्या जिभा ओळखायला लागले, ते असं.

मग स्वतःचं घर. जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ भावांची, खजूर वाळवायचं खळं. मुलं ती फुकट द्यायला तयार होती, पण किंमत देऊनच घेतली गेली. जागेवर पडक्या भिंती, जुन्या कबरी आणि काही खजुरीची झाडं होती. जमीन सपाट केली, झाडं तोडली, आणि त्याच झाडांची खोडं किब्ल्याच्या बाजूला ओळीने उभी केली. भिंती कच्च्या विटांच्या, वर झावळ्या. म्हणजे जागेवर जे मिळालं त्यातूनच बरंचसं बांधकाम झालं. विटा वाहणाऱ्यांत सगळे एकेक वीट नेत होते आणि हजरत अम्मार (र.) दोन दोन.

छप्पर गळायचं. रमजानच्या एका रात्री पाऊस झाला, तेव्हा मशिदीत चिखल झाला आणि सकाळी पैगंबरांच्या (स.) कपाळावर त्या चिखलाची खूण लोकांनी पाहिली.

मशिदीला लागून राहायच्या खोल्या. सुरुवातीला दोन, पुढे नऊ झाल्या. कच्च्या विटा, झावळ्या, वरून मातीचा गिलावा, दाराला केसांच्या जाड कापडाचा पडदा. हसन बसरी यांनी नंतर सांगितलं की ते पोरसवदा असताना या खोल्यांत शिरून हाताने छत शिवायचे. हजरत आयेशांच्या (र.) खोलीत जागा किती, तर पैगंबर (स.) रात्री नमाज पढत तेव्हा सजद्यासाठी त्यांना झोपलेल्या आयेशांच्या पायाला हलकं टोचावं लागे, मग त्या पाय आखडून घेत. आयेशा पुढे म्हणतात की तेव्हा घरांत दिवे नसत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. जेवण काय? हजरत आयेशांनी (र.) आपल्या भाच्याला सांगितलं होतं की दोन महिन्यांत तीन चंद्र दिसायचे आणि घरात चूल पेटलेली नसायची. खजूर आणि पाणी. शेजारच्या अन्सारांकडे दुभती जनावरं होती, ते दूध पाठवायचे. चूल पेटली तर बहुधा जवाची भाकर. चाळणी नव्हती. सहल बिन साद (र.) सांगतात की जव दळायचे, फुंकर मारायचे, उडेल तेवढा कोंडा उडायचा, उरलेलं भिजवून खायचं. यात दारिद्र्याची बढाई नाही की रडगाणंही नाही. कुणीतरी विचारलं म्हणून रीत सांगितली आहे.

भाकरीबरोबर काय? अरबीत त्याला इदाम म्हणतात, उर्दूत सालन, आणि आपल्याकडे खेड्यात कोरड्यास. दोन भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला या शब्दांचा मोह होतो. तर एकदा पैगंबरांनी (स.) घरात कोरड्यास विचारलं. सिरक्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी तोच मागून घेतला, भाकर त्याच्याशी खाल्ली आणि सिरक्याची तारीफ केली. दुसऱ्या वेळी एका शिंप्याने जेवायला बोलावलं. जवाची भाकर आणि भोपळा घातलेला सुक्या गोश्तचा रस्सा. पैगंबर (स.) ताटात भोपळ्याच्या फोडी शोधत होते हे पाहून अनसना (र.) त्या दिवसापासून भोपळा आवडू लागला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती एका म्हातारीची भाजी. नाव नोंदलेलं नाही. तिच्या शेतात पाटाच्या कडेला ती सिल्क लावायची. ही बीटच्या जातीची पालेभाजी. शुक्रवारी तिचे गड्डे उपटून हंडीत टाकायची, वर मूठभर जव दळून सोडायची. तेल-चरबी काही नाही. जुम्म्याची नमाज झाली की लोक तिच्याकडे सलाम करायला जायचे, ती ते वाढायची. सहल (र.) म्हणतात, त्या भाजीसाठी आम्हाला शुक्रवार यावासा वाटे. आपल्या आया चाकवताला किंवा पालकाला डाळीचं पीठ लावून पातळ भाजी करतात, रीत तीच. भाजी थोडी, माणसं जास्त, मग पिठाने दाटपणा आणायचा. हजरत अबू ज़र (र.) यांना तर स्पष्ट सांगितलेलं होतं की रस्सा केलास तर पाणी वाढव आणि शेजाऱ्यांना दे.

स्वयंपाक येत नसेल तर? इथे हजरत अस्मांची (र.) गोष्ट सांगायलाच हवी. हिजरतीच्या प्रवासाची शिदोरी बांधताना दोरी सापडेना, तेव्हा त्यांनी आपल्या कमरेचा पट्टा फाडून दोन केले आणि शिदोरीची पिशवी नि पखालीचं तोंड बांधलं. दोन पट्ट्यांवाली हे नाव त्यांना त्यावरून पडलं. मुलांना एवढं पाठ असतं. पुढचं कुणी शिकवत नाही. अस्मा (र.) गरोदरपणी मक्केतून निघाल्या, कुब्यात बाळंत झाल्या. नवऱ्याकडे, हजरत झुबैर (र.) यांच्याकडे, एक घोडा आणि पाणी आणायचा एक उंट, याशिवाय काही नव्हतं. त्या घोड्याला चारा घालायच्या, पाणी आणायच्या, चामड्याची मोट फाटली की शिवायच्या, पीठ मळायच्या. खजुरीच्या बिया दूरच्या शेतातून, तीन-चार किलोमीटरवरून, डोक्यावर आणायच्या. मक्केतल्या सधन व्यापाऱ्याची ही मुलगी. आणि त्या स्वतःच सांगतात की मला भाकर नीट भाजता येत नव्हती, शेजारच्या अन्सारी बायका भाजून द्यायच्या, त्या मनाने खऱ्या बायका होत्या.

ही ओळखीची गोष्ट आहे. बदलीच्या गावी आम्ही घर शोधत होतो तेव्हा तीन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली आधीच दिलेली निघाली. चौथीकडे मिळाली. पहिल्या संध्याकाळी गॅस जोडलेला नव्हता. शेजारच्या मावशींनी पिठलं-भाकर पाठवली आणि भांडं परत करायची घाई करू नका म्हणाल्या. नव्या गावात आपण राहू शकू की नाही, हे त्या पहिल्या भांड्यावरून कळतं. अन्सार हा शब्द आपण मदतगार असा शिकवतो. मला त्याचा पहिला अर्थ भाकर भाजून देणाऱ्या बायका असाच दिसतो.

सगळं गोड होतं असंही नाही. बागायतदार अन्सार खजुरीचे घड मशिदीत दोन खांबांमध्ये दोरीला टांगून ठेवत. सुफ्फ्यावर राहणारे बेघर मुहाजिर भूक लागली की काठीने पाडून खात. काही जण मात्र सुकलेले, किडके घड आणून लटकवायचे. सूरह बकरामध्ये वाईट माल दानात देऊ नका अशी जी ताकीद आहे, ती याच प्रसंगाशी जोडली जाते. घरातले फाटके कपडे मदतीच्या गाठोड्यात कोंबणारे लोक म्हणजे आजची निपज नव्हे.

काहींनी फार लवकर बस्तान बसवलं. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना त्यांच्या अन्सारी भावाने अर्धी मालमत्ता देऊ केली, त्यांनी फक्त बाजाराचा रस्ता विचारला. पनीरासारखं वाळवलेलं दही आणि तूप विकून थोड्याच दिवसांत लग्नही केलं. बाकीच्यांचे संसार सावकाश उभे राहिले. हजरत फातिमा (र.) यांच्या लग्नासाठी हजरत अली (र.) यांनी आपलं चिलखत दिलं. नवरीबरोबर आलं ते एक झालरीचं पांघरूण, एक पखाल आणि चामड्याची उशी. उशीत कापूस नव्हता, इज़्ख़िर होतं, तेच छपराचं गवत. पुढे जात्याने हाताला फोड आले, तेव्हा त्या नोकर मागायला गेल्या, तो मिळाला नाही. आपल्याकडे जहेजची यादी वाचून दाखवणाऱ्यांना मी ही यादी ऐकवते. ती फार लवकर संपते, म्हणून बहुधा कुणाला रुचत नाही.

खुद्द पैगंबर (स.) घरात असत तेव्हा चपला सांधत, कपड्याला ठिगळ लावत, असं आयेशा (र.) सांगतात. त्यांचा लाकडी पेला तडकला होता. तो चांदीच्या तारेने जोडलेला होता आणि अनसकडे (र.) पुढे कितीतरी वर्षं तसाच जपलेला होता.

हजरत उमर (र.) यांनी मशीद वाढवली, पण साहित्य तेच ठेवलं, विटा आणि झावळ्या. हजरत उस्मान (र.) यांच्या काळात कोरीव दगड आला, चुन्याचा गिलावा आला आणि छताला साग आला. अरबीत सागाला साज म्हणतात. शब्द आपल्याच मुलखातून गेलेला, कारण साग अरबस्तानात उगवत नाही, तो हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जायचा. तोपर्यंत मदिना गरीब राहिली नव्हती.

खोल्या मात्र तशाच होत्या. त्या पाडल्या गेल्या ७०७ च्या सुमारास, उमय्या खलीफा वलीदच्या हुकमाने, मशीद वाढवायची होती म्हणून. तेव्हा मदिनेचे सुभेदार होते उमर बिन अब्दुल अज़ीज़, पुढे जे साधेपणासाठीच ओळखले गेले. हुकूम वाचून दाखवला त्या दिवशी गावात लोक रडले. सईद बिन मुसय्यब या बुजुर्ग आलिमांचं म्हणणं होतं की त्या राहू द्यायला हव्या होत्या, दूरदूरहून येणाऱ्यांना दिसलं असतं की पैगंबर (स.) केवढ्याशा घरात राहिले.