रुग्णाला विचारायचं कसं?
(प्रस्तावना)

नाशिक जिल्ह्यात ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. १९४१ साली परळला सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय इथल्या बोलण्यात इतकं मुरलं आहे. आता केमो, किरणोपचार, शस्त्रक्रिया नाशकातही होतात. उपचार जवळ आले, तसं आणखी एक काम आपल्या दारात आलं. उपचारांनंतर माणूस कसा जगतो आहे, हे इथल्या माणसाला इथेच विचारून नोंदवण्याचं. गाठ किती आकसली ते स्कॅनमध्ये दिसतं. पण रात्री झोप लागते का, चारचौघांत जेवायला अवघडतं का, आजारपणाने घर कर्जात गेलं का, हे रुग्णाशिवाय कोण सांगणार?

हे सांगणं आकड्यांत मांडण्यासाठी प्रश्नावल्या आहेत. त्यांतली सर्वांत जास्त वापरात असलेली, ‘क्यूएलक्यू-सी३०’, युरोपातल्या ईओआरटीसी या कर्करोग संशोधन संघटनेने तयार केली आणि ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न तीस. पहिल्या अठ्ठावीस प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्याय, शेवटच्या दोनांना एक ते सात अशी मोजपट्टी. उत्तरांचं रूपांतर शून्य ते शंभर गुणांत होतं. शंभरावर भाषांत तिचे अनुवाद झाले आहेत, मराठीतही आहे. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी स्तनाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांवर तिची वैधता तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे पाया घातलेला आहे. मग नाशकात पुन्हा तपासायचं काय, असं नव्या विद्यार्थ्याला वाटणं साहजिक आहे.

त्याचं उत्तर थोड्या हिशेबातून मिळतं. वेदनेच्या गटात दोन प्रश्न आहेत. रुग्णाने एकाला ३ आणि दुसऱ्याला २ उत्तर दिलं, तर सरासरी २.५. त्यातून १ वजा करून ३ ने भागायचं आणि शंभराने गुणायचं: वेदना ५० गुण. आता प्रश्न नीट न कळल्यामुळे एकच उत्तर एका पायरीने सरकलं, तर गुण जवळजवळ १७ ने बदलतात. आर्थिक अडचणीचा प्रश्न एकटाच आहे, तिथे एक पायरी म्हणजे ३३ गुण. ओसोबा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की ५ ते १० गुणांचा फरक रुग्णाला किंचित जाणवतो आणि १० ते २० चा मध्यम. औषधाने जेवढा फरक पडावा अशी आपली अपेक्षा असते, तेवढा निव्वळ विचारण्याच्या पद्धतीने पडू शकतो.

अनुवादाची रीत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्र अनुवाद करायचे, त्यांचा मेळ घालायचा, तो मजकूर उलट इंग्रजीत नेऊन मूळ प्रश्नाशी ताडायचा, मग दहा-पंधरा रुग्णांसमोर ठेवायचा. पहिले टप्पे टेबलावर बसून उरकतात. खरी मौज शेवटच्या टप्प्यात आहे आणि घाईही नेमकी तिथेच होते.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगासाठी पस्तीस प्रश्नांची जोडप्रश्नावली आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे आपल्याकडे तिची गरज मोठी. तिच्यात गिळण्याबद्दल पातळ, लगदा केलेलं आणि घट्ट अन्न असे वेगवेगळे प्रश्न येतात. आता बाजरीची भाकरी कुठे बसवायची? कोरडी चावून खाल्ली तर घट्ट, आमटीत कुस्करली तर लगदा. निफाडचा शेतकरी ‘भाकरी जाते ना’ म्हणून मोकळा होतो आणि विचारणारा घट्ट अन्नाच्या रकान्यात ‘अजिबात त्रास नाही’वर खूण करतो. शेजारी बसलेली बायको म्हणते, “अहो, कुस्करून देते मी, तीबी अर्धी टाकतात.” पुस्तकात न सापडणारी ही माहिती आहे. शिवाय किरणोपचारांनी तोंड सोललेल्या माणसाला आपल्याकडे सर्वांत आधी सोडावं लागतं ते तिखट आणि तिखटाचा प्रश्न त्या पस्तिसांत नाही. तो आपण मनाने घुसडायचा नसतो. पण रुग्ण ते पुन्हा पुन्हा सांगत असेल तर वेगळं नोंदवावं, कारण पुढच्या सुधारणा अशा नोंदींतूनच होतात.

नाशिक जिल्हा या अभ्यासाला फार सोयीचा आहे, कारण तो एका मराठीचा नाही. बागलाण, कळवणकडे अहिराणी, पेठ, सुरगाण्यात कोकणा, मालेगावात उर्दू. प्रमाण मराठीतला छापील कागद यांतल्या अनेकांना ऐकवावाच लागतो. अरबी भाषकांपुढेही हाच पेच आहे. लिहायची अरबी एक, पण मोरोक्कोपासून आखातापर्यंत घराघरांतली बोली निराळी. त्यामुळे एका देशात पारखलेला अरबी अनुवाद दुसऱ्या देशातले अभ्यासक पुन्हा पारखतात. मग मुंबईत पारखलेला मराठी अनुवाद सुरगाण्यात का पारखू नये?

आपल्याकडे आणखी एक अडचण कागदाच्या बाहेरची आहे. ‘आईला काही सांगू नका’ असं मुलगा डॉक्टरांना बजावतो आणि प्रश्नावली भरताना तोच शेजारी बसून उत्तरं देतो. आईच्या मनातली काळजी तो कमी सांगेल की जास्त, हे आधी ओळखता येत नाही. ते तपासावं लागतं. लैंगिक आयुष्याचे प्रश्न तर त्याच्यासमोर कोरेच राहणार. कोण विचारतं, कोण ऐकतं, जवळ कोण बसलं आहे, हे अनुवादाइतकंच नोंदवण्याजोगं आहे.

राहिलं संख्याशास्त्र. एका गटातल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रॉनबाखचा अल्फा ०.७० च्या वर आला की प्रबंध पार पडला, ही आपल्याकडची खोड मला पटत नाही. कंटाळलेल्या एका रुग्णाने सगळीकडे ‘थोडं’ आणि दुसऱ्याने सगळीकडे ‘खूप’ म्हटलं, तरी अल्फा छान येतो. माझा भरवसा जास्त आहे तो ज्ञात गटांच्या तुलनेवर. अंथरुणाला खिळलेले आणि हिंडते-फिरते रुग्ण यांचे गुण जर वेगळे आले नाहीत, तर प्रश्नावलीत किंवा विचारण्यात काहीतरी चुकतं आहे, मग अल्फा काहीही असो.

१९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात आणि या विषयाला महागडं यंत्र लागत नाही. लागतात ती परिचारिका, समाजसेवक, संख्याशास्त्राची जाण असलेला एखादा जण आणि अहिराणी किंवा कोकणा घरात बोलणारी माणसं. ईओआरटीसीची परवानगी मात्र आधी घ्यावी लागते. शैक्षणिक कामासाठी ती विनामूल्य मिळते.

तेव्हा ज्यांना या वाटेने यायचं आहे, त्यांनी आधी सॉफ्टवेअर उघडू नये. ओपीडीत बसावं, एकेक प्रश्न वाचून दाखवावा, उत्तर मिळाल्यावर ‘हे म्हणताना तुमच्या मनात काय होतं?’ एवढंच विचारावं आणि रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं, शुद्ध करून नव्हे.