वेण्णाकाठचे गोठलेले दव : छायाचित्र एक ऐतिहासिक साधन

सातारा व सांगली जिल्ह्यांत हिमवर्षाव होत नाही. तथापि हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावर व वाहनांच्या टपांवर पांढरा थर दिसला की छायाचित्रकार पहाटेच तेथे पोहोचतात. ही छायाचित्रे कधी ‘गोठलेले दवबिंदू’, तर कधी ‘बर्फ’ म्हणून प्रसिद्ध होतात. इतिहासाचे साधन म्हणून त्यांची चिकित्सा आवश्यक ठरते.

निरभ्र, निवांत रात्री भूपृष्ठ उष्णता गमावते व त्याचे तापमान शून्य अंशापर्यंत उतरू शकते. थोड्या उंचीवरील हवा मात्र काही अंश उबदार राहते. हवामान खात्याची नोंद या हवेची असते. म्हणून छायाचित्र व नोंद यांत विसंगती दिसली, तरी दोन्ही खरी असू शकतात. शिवाय जवळून टिपलेल्या चौकटीतून थराची व्याप्ती समजत नाही.

सॅम्युअल बॉर्न याने १८६६ मध्ये हिमालयातील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. आपल्या हिमालयीन प्रवासांचे वृत्तांतही त्याने प्रसिद्ध केले. त्यामुळे त्या छायाचित्रांना संदर्भ लाभला. वेण्णाकाठच्या छायाचित्रांनाही दिनांक, वेळ, नेमके स्थळ व अचूक शब्द यांची जोड हवी. अन्यथा उद्याचा अभ्यासक गोठलेल्या दवालाच साताऱ्यातील हिमवर्षाव समजण्याचा संभव आहे.