गुरू सिंहेत, आम्ही गच्चीवर

चार माणसे जमवायची म्हणजे काही तरी निमित्त लागते. लग्न, बारसे, सत्यनारायण, गेला बाजार वरच्या मजल्यावरची गळती. पण "आकाश बघायला या" म्हटले की माणसे आपल्याकडे अशा नजरेने बघतात, जणू आपण त्यांना विमाच उतरवायला सांगतो आहोत! सातपूरला आयुष्य काढून हा अनुभव मी पुरेपूर घेतला आहे. तरीसुद्धा नाशिक, धुळे, जळगाव, नगर या पट्ट्यातल्या हौशी आकाशवेड्यांचे एक घरगुती संमेलन सातपूरला भरवायचे मी ठरवले आहे. घरगुती म्हणजे अध्यक्ष नाहीत, स्वागताध्यक्ष नाहीत आणि हारतुरे तर मुळीच नाहीत. अंधारात हार कोणाच्या गळ्यात पडेल, काय सांगावे?

पहिला प्रश्न आला तारखेचा. चंद्र आकाशात असला की बारीक तारे दिसत नाहीत, म्हणून आमच्या पंथात सगळ्यांत शुभ दिवस म्हणजे अमावास्या. मी पंचांग काढून शनिवार, २५ मार्च २०२८ हा दिवस मुक्रर केला. सौ.ने कॅलेंडर न बघता बोटांवर हिशेब केला.

"अहो, म्हणजे रविवारी अमावास्या आणि सोमवारी पाडवा. ऐन साफसफाईत पाहुणे? आणि तेही अवसेच्या तोंडावर?"

"त्या रात्री गुरू सिंहेत आहे," मी म्हणालो.

"मग त्यालाच सांगा माळा झाडायला."

आता इतक्या लांबची तारीख का, ते सांगायला हवे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात. राशी बारा, तेव्हा प्रत्येक राशीत त्याचा मुक्काम साधारण वर्षभराचा. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ. १९८०, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६ आणि २०२६ ते २८, अशी त्याची हजेरी लागलेली आहे. नाशिककराला तुम्ही आकाशातले काही विचारा, सांगता येणार नाही. पण गुरू सिंहेत कधी येणार ते त्याला पाठ असते, कारण तेव्हा रस्ते होतात. साठ कोटी किलोमीटरांवरून त्र्यंबक रस्त्याचे खड्डे बुजवणारा हा एकच ग्रह. मंगळाने कुठे एक खड्डा बुजवल्याचे ऐकिवात नाही.

पण यात एक गंमत आहे बरं का. सिंहस्थाच्या मोठ्या पर्वण्या येतात श्रावण-भाद्रपदात, गुरूच्या जोडीला सूर्यही सिंहेत असतो तेव्हा. दोघे एका राशीत, म्हणजे गुरू सूर्याच्या उजेडात बुडालेला. त्यात वर पावसाळी ढग. रामकुंडावर आणि कुशावर्तावर लाखो माणसे ज्याच्या निमित्ताने गोळा होतात, तो नेमका तेव्हाच दिसत नाही. ज्याच्या नावाने पंगत, तोच पानावर नाही! उलट २०२८ च्या मार्चमध्ये तो सूर्याच्या समोरच्या बाजूला असेल. दिवस मावळताना पूर्वेला वर आलेला, रात्रभर मुक्कामाला. तेव्हा मात्र त्याच्याकडे बघायला कोणी नाही. म्हणून म्हटले, निदान आपण चारजण असू या.

ही यात्रेकरूंची थट्टा नव्हे. उलट मला वाटते, बारा वर्षांचे हे चक्र ज्याने कोणी प्रथम ओळखले, त्याने दोन-तीन फेऱ्या तरी उघड्या डोळ्यांनी, रात्री जागून मोजल्या असणार. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ त्याच्या घरचे लोक "आता खाली या, झोपा" म्हणत असणार. आमच्या घराण्याचा मूळपुरुष तो!

या घराण्याची वंशावळ काही लहानसहान नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा त्याचा शिलालेख तिथे सापडला आहे. नातवाने आजोबांची पुस्तके रद्दीत न घातल्याचा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. पुढे कोकणात, मुरूडजवळच्या नांदगावला केशव दैवज्ञ होते. ग्रंथात ग्रह कुठे लिहिला आहे आणि आकाशात प्रत्यक्ष कुठे आहे, हे त्यांनी ताडून पाहिले आणि फरक पडला तो लिहून ठेवला. ग्रंथ आणि ग्रह यांत भांडण लागले तर ग्रहाचे ऐकावे, असे म्हणायला त्या काळी केवढी छाती लागत असेल! त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ. त्यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला आणि पंचांगाचे गणित इतके सोपे केले की पुढे शतकानुशतके पंचांगे त्यावर निघत राहिली.

ही सगळी हकिकत मराठीत नीट मांडली शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, १८९६ च्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात. पेशाने शिक्षक. ज्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी १९११ साली नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावेत असे गणित मांडून ते फ्रान्समध्ये छापून आणले, तेही शिक्षकच. दिवसा पोरांचे पाढे आणि रात्री ग्रहांचे. पगार अर्थातच फक्त दिवसाच्या पाढ्यांचा.

तेव्हा संमेलनाची आखणी करताना मी जुन्या संमेलनांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातले सगळ्यांत मोठे भरले २२ जानेवारी १८९८ ला. त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण होते, आणि त्याची पट्टी कोकणपट्टीवरून देश ओलांडून वऱ्हाडात गेली होती. मुंबई-पुण्यात प्लेग चालू. तरी साता समुद्रांपलीकडून लोक आले. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी घेऊन बसले; तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी. वऱ्हाडात तळणीला ब्रिटनच्या हौशी खगोल संघटनेने तळ ठोकला. त्यात ॲनी माँडर नावाच्या बाई स्वतः आखलेला कॅमेरा घेऊन आल्या होत्या, आणि सूर्याच्या प्रभेचे लांबच लांब गेलेले झोत त्यांनी टिपले. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर. त्यांनी तर मेल्पोमिनी नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी कामाला जुंपून त्यांच्याकडून दिवसचे दिवस तालमी करून घेतल्या. कोणी घड्याळ ओरडायचे, कोणी काच बदलायची, कोणी चित्र काढायचे. सगळी धडपड कशासाठी? सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी!

(विजयदुर्गावर "हेलियमचा शोध इथेच लागला" असे तुम्हाला ठणकावून सांगतील. त्या पिवळ्या रेषेची गोष्ट १८६८ सालची, आणि त्या वर्षी लॉकियर होते इंग्लंडमध्ये. साहेब ओट्यांवर बसले ते तीस वर्षांनी. पण हे तिथे सांगू नका. शहाळे मिळायचे नाही.)

लॉकियरचा तालमीचा धडा मी तत्काळ उचलला. कॉलनीतल्या सहा पोरांना गच्चीवर नेले आणि शिट्टी वाजली की कोणी काय करायचे ते पढवले. शिट्टीसरशी चार पोरे खाली क्रिकेटला गेली. लॉकियरच्या पाठीशी आरमार होते, हे मान्य केलेच पाहिजे.

नायगमवालांची पुढची गोष्ट मात्र जिवाला लागते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी वेधशाळा उभी केली होती. भावनगरच्या महाराजांची देणगी, वीस इंच व्यासाचा आरसा, त्या वेळी देशातली सगळ्यांत मोठी दुर्बीण. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद. दुर्बीण गेली कोडाईकनालला. एक माणूस पेन्शनीत गेला आणि पुण्याचे आकाशच मिटले! मी आयुष्यभर एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होतो. माणूस गेला की त्याच्याबरोबर काय काय 'निरुपयोगी' ठरून भंगारच्या यादीत चढते, ते मी रोज पाहिले आहे.

पण ते आकाश पुन्हा उघडले ते हौशी मंडळींनी. २२ ऑगस्ट १९४४ ला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. वर महायुद्ध, खाली रेशन, आणि मधल्यामध्ये ही मंडळी तारे बघायला निघालेली. १९८५-८६ ला हॅलेचा धूमकेतू आला. तसा तो फिकाच निघाला; लग्नात नवरदेवाऐवजी त्याचा फोटो यावा तसा. पण त्याने गावोगावी माणसे गच्चीवर चढवली. मुंबईचे खगोल मंडळ त्याच सुमारास उभे राहिले, आणि वांगणीला त्यांनी वर्षानुवर्षे रात्रभराची आकाशदर्शने भरवली. लोकलने यायचे, शेतात सतरंजी टाकायची, पहाटेच्या लोकलने परत कामावर. सरकारी वेधशाळा एका सहीने बंद होते. सतरंजी बंद करायला कोणाची सही आणणार?

आता सातपूर. १९६२ नंतर इथे औद्योगिक वसाहत आली, १९८२ ला सातपूर नाशिक महापालिकेत गेले आणि आमच्यासारख्यांच्या पोटाची सोय झाली. त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण प्रत्येक दिव्यामागे अंधार हटला तसे तारेही हटले. गावठाणातल्या एक आजी सांगतात, "आमच्या टायमाला अंगणात बाजंवर पडलं का वर बाज दिसायची. म्हातारीची बाज आन् मागं तीन चोर." बाज म्हणजे आपले सप्तर्षी. तिकांडे किती वर आले ते बघून आजी दळायला उठत. आता त्यांच्या अंगणात रात्रभर पांढरा उजेड असतो. "चोर गेले ते बरं झालं," आजी म्हणाल्या, "पर म्हातारीची बाजबी नेली का रं?"

यावर मला उत्तर सुचले नाही. खरे तर हे संमेलन तेव्हाच ठरले.

म्हणून कार्यक्रम दोन भागांत केला आहे. संध्याकाळी सातला सातपूरला, गच्चीवर. बाहेरगावची मंडळी म्हणाली, "एवढ्या उजेडात काय बघायचं?" मी म्हटले, गुरूला हॅलोजनची भीती नाही. लहानशा दुर्बिणीतूनही त्याचे चार चंद्र दिसतात, १६१० मध्ये गॅलिलिओला दिसले तेच. दक्षिणेला खाली अगस्त्य असेल. याच ऋषींनी रामाला पंचवटीत राहा म्हणून सांगितले. म्हणजे नाशिकचे पहिले घरसल्लागार. लंडनवाल्यांना हा तारा जन्मात घरबसल्या दिसत नाही, आणि आम्हाला पाण्याच्या टाकीशेजारी दिसतो. उत्तरेला ध्रुव, क्षितिजापासून वीस अंशांवर. हात लांब करून दोन मुठी मोजायच्या. मोजपट्टी ज्याची त्याने आणावी.

दुर्बीण आमच्या ओळखीचे एक निवृत्त टूलरूम फिटर आणणार आहेत. सहा इंची आरसा त्यांनी स्वतः घासला. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये वावरलेला माणूस. पण आरशाला एका मायक्रॉनच्या सातव्या भागाइतकाही खड्डा खपत नाही, हे कळल्यावर पठ्ठ्या इरेला पेटला. चार महिने गॅलरीत कार्बोरंडम. वहिनींचे म्हणणे, तेवढ्या दिवसांत भाकरी एकदाही करकरल्याशिवाय राहिली नाही.

समोरच्या एका कारखान्याला दोन तास दिवा मालवण्याची विनंती केली आहे. पत्र सिक्युरिटीकडून इलेक्ट्रिकलकडे, तिथून पर्सोनेलकडे फिरते आहे. शेवटचे विचारणे आले ते असे : "सदर तारा कोणत्या प्लॉटवर आहे?"

दुसरा भाग रात्री अकरानंतर. टेम्पोने अंजनेरीच्या पायथ्याशी. टॉर्चला लाल जिलेटिन कागद सक्तीचा, कारण अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी फुकट जातात. चहाच्या दोन किटल्या. सतरंज्या सौ. देणार आहे, "परत आणताना झाडून" या अटीवर. म्हणजे पाडव्याची साफसफाईही झाली.

टेम्पोत पुढची जागा आजींची. मध्यरात्री त्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच आलेले असतात. ढग आले तर? तर चहा पिऊन, गप्पा मारून परत यायचे. नायगमवाला-लॉकियरनाही ढगांची हमी कोणी दिली नव्हती.

तुम्ही येणार असाल तर जरूर या. येताना स्वेटर आणा.