चार आपले, निवडणारे दुसरेच : पुणे करारातली विसरलेली प्राथमिक निवडणूक



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की आपल्या मोबाइलवरही प्रायमरीची चर्चा सुरू होते. आयोवात कोण पुढे, न्यू हॅम्पशायरच्या मतदाराला कोण आवडतो, काळ्या मतदारांचा कल कुणाकडे. नांदुऱ्यात रविवारी विहारात वाचनाला जमणाऱ्या आमच्या पोरांना ही नावे पाठ असतात. त्यांच्यातल्याच एकाने विचारले, "दादा, आपल्याकडे अशी आधीची निवडणूक कधी झालीच नाही ना?"

झाली होती. आणि ती फक्त आपल्यासाठीच होती. आमच्यातल्या एम.ए. झालेल्यांनाही हे धड सांगता आले नाही, ही लाज आधी कबूल करतो.

२४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपण सगळे जाणतो. गांधींचे उपोषण, येरवडा, बाबासाहेबांवर आणलेला दबाव, हे दरवर्षी भाषणांत येते. जातीय निवाड्यातल्या ७१ जागांच्या ऐवजी १४८ जागा मिळाल्या, त्यात आपल्या मध्य प्रांताच्या वाट्याला २० आल्या, हेही सांगितले जाते. पण कराराचे दुसरे कलम कुणी वाचून दाखवत नाही. ते असे : मतदारसंघाच्या सर्वसाधारण यादीत ज्या अस्पृश्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांचे एक मतदारमंडळ होईल. प्रत्येक राखीव जागेसाठी ते आधी आपसात मतदान करून चार उमेदवारांचे पॅनेल निवडेल. प्रत्येकाला मत एकच. सर्वाधिक मते मिळवणारे चौघे पुढच्या फेरीत जातील आणि तिथे सवर्णांसह सगळे मतदार त्यांच्यातून एकाला निवडतील. पाचव्या कलमाने या व्यवस्थेला दहा वर्षांची मुदत घातली.

म्हणजे अस्पृश्य मतदाराला आपल्या उमेदवारांबद्दल काय वाटते, हे सरकारी मतपेटीत वेगळे नोंदवायची सोय या देशात काही काळ होती. तेव्हा नांदुरा मलकापूर तालुक्यातले गाव होते आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण यांवर अवलंबून असल्याने आपल्या आज्या-पणज्यांपैकी फार थोड्यांची नावे यादीत होती. तरी ज्यांची होती, त्यांना कागदावर हा हक्क होता.

आता त्या चार या आकड्याकडे नीट पाहा. सगळी मेख तिथे आहे. समजा प्राथमिक फेरीत आपली १,००० मते पडली. जागा चार, मत एकेक. ज्याला २०१ मते मिळाली त्याला पहिल्या चारांतून कुणीही बाहेर काढू शकत नाही, कारण त्याच्या पुढे जायला चौघांना प्रत्येकी निदान २०१ मते लागतील आणि उरलेली मते आहेत फक्त ७९९. मग पहिल्या नंबरच्या माणसाला ६०० मते मिळाली तरी काय उपयोग? दुसऱ्या फेरीत ६०० वाला आणि २०१ वाला एकाच पायरीवर उभे. तिथे बहुसंख्य मते सवर्णांची, आणि त्यांना २०१ वाला सोयीचा. आपल्यातल्या पाचांपैकी चौघांनी नाकारलेला माणूस आपला प्रतिनिधी म्हणून विधिमंडळात जाणार, आणि तेही पूर्ण कायदेशीरपणे.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे, चार किंवा त्याहून कमी उमेदवार असले की ही फेरी घ्यावीच लागत नसे. त्यामुळे बहुतेक राखीव मतदारसंघांत ती झालीच नाही. हॅमंड समितीसमोर यावर वाद झाला. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात तो नोंदवला आहे. सवर्ण हिंदूंच्या बाजूचे म्हणणे होते की चार हा किमान आकडा आहे, तेवढे उमेदवार मिळाले नाहीत तर जागा रिकामी राहू द्या! आपल्या बाजूचे म्हणणे होते की चार ही कमाल मर्यादा आहे. करारावरच्या सह्यांची शाई वाळून तीन-चार वर्षेही झाली नव्हती.

त्याच ग्रंथात १९३७ च्या निकालाचा हिशेब आहे. देशभरातल्या १५१ राखीव जागांपैकी काँग्रेसला ७८, मुंबई इलाख्यात १५ पैकी ४, मध्य प्रांत-वऱ्हाडात २० पैकी ७. म्हणजे त्या वेळी आपल्या भागात काँग्रेसची डाळ फारशी शिजली नव्हती. १९४६ ला मात्र चित्र फिरले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला देशभरात दोनच जागा मिळाल्या, बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांची आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातली एक. याच निकालाच्या आधारे कॅबिनेट मिशनच्या काळात अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व काँग्रेसकडे असल्याचे धरले गेले. बाबासाहेबांनी त्यावर प्राथमिक फेरीचे आकडेच पुढे केले. जिथे जिथे अस्पृश्यांनी एकट्याने मत दिले तिथे काँग्रेस अल्पमतात होती, आणि ती जिंकली ती दुसऱ्या फेरीतल्या इतरांच्या मतांवर, हा त्यांचा युक्तिवाद. तो कुणी मनावर घेतला नाही. मराठीत 'मत' हा शब्द अभिप्रायालाही चालतो आणि मतपेटीतल्या चिठ्ठीलाही. आपला अभिप्राय नोंदला गेला, पण चिठ्ठी दुसऱ्यांची मोजली गेली.

अमेरिकेतली तुलना इथे कामाची आहे. टेक्सासमध्ये १९२३ च्या कायद्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत काळ्यांना मतदान बंद केले होते. तिथे त्या पक्षाची प्रायमरी जिंकणारा निवडून आलाच समजायचे, म्हणून खऱ्या निर्णयाच्या दारातच त्यांना अडवले. कायदे-नियम बदलत ही बंदी चालत राहिली आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली. आपल्याकडे उलटे केले. पहिल्या फेरीचे दार फक्त आपल्याला उघडे, आणि निर्णय ठेवला दुसऱ्या फेरीत. गोऱ्यांनी हाकलून जे साधले ते इथे आत बसवून साधले. २०२० मध्ये साउथ कॅरोलायनाच्या काळ्या मतदारांनी बायडन यांची बुडती उमेदवारी वर काढली, ती त्या राज्याच्या प्रायमरीत त्यांचे मत शेवटचे ठरत होते म्हणून.

पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ ला, मान्यवर कांशीराम यांनी 'चमचा युग' प्रकाशित केले. संयुक्त मतदारसंघातून चमचे कसे तयार होतात हे त्यांनी सांगितले. आम्ही त्यात एवढीच भर घालू की २०१ वाला आपल्या २०१ मतांशिवाय उभा राहत नाही. ती मते आपल्याच वस्तीतून जातात. इथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. वऱ्हाडात तेव्हा एकच विचार नव्हता. अमरावतीचे गणेश आकाजी गवई हे मोठे कार्यकर्ते, पण १९३२ मध्ये ते राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. त्यांना नुसते चमचा म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. त्यांचा अंदाज चुकला असे आम्ही मानतो. आणि मांग, चांभार समाजातल्या मतदाराला बाबासाहेबांचा पक्ष आपलाही वाटावा यासाठी आपल्या लोकांनी पुरेसे केले का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आज नांदुऱ्यातही आहे.

कारण आज काय चालले आहे? आपला तालुका मलकापूर विधानसभेत, लोकसभेला रावेरमध्ये. दोन्ही जागा सर्वसाधारण. जिल्ह्यात विधानसभेची राखीव जागा मेहकरची. बुलढाणा लोकसभा २००९ पासून खुली झाली. म्हणजे आपल्या हातात उरले नगरपरिषदेचे आणि पंचायत समितीचे राखीव मतदारसंघ. तिथे प्राथमिक फेरी घेतली जाते, फक्त ती कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत होते. मागच्या वेळी आमच्या प्रभागातल्या एका पक्षाच्या उमेदवाराचे नाव आम्हाला व्हॉट्सॲपवर कळले. वस्तीत त्याला कुणी विचारत नव्हते. तो निवडून आला.

म्हणून पोरांनी प्रस्ताव आणला आहे की पुढच्या वेळी अर्ज भरण्याआधी विहारात आपलीच मतपेटी ठेवायची. आमच्यातल्या काही ज्येष्ठांना ही पोरखेळी वाटते. ते म्हणतात, हरलेला थोडाच घरी बसणार आहे, तो दुसऱ्या पक्षाचे तिकीट घेऊन येईल. खरे आहे, येईल. पण मग त्याला वस्तीत किती मते होती तो आकडा लेखी असेल आणि प्रचारात दारोदार सांगता येईल. बाबासाहेबांकडे १९४६ ला तो आकडा होता म्हणून तर ते बोलू शकले.

दोन अटींवर आमचे एकमत झाले आहे. पॅनेल चौघांचे नाही, एकाचेच. आणि पेटी बौद्धवाड्यापुरती नाही, प्रभागातल्या मातंग आणि चर्मकार घरांपर्यंत न्यायची, त्यांच्यातला उमेदवार पहिला आला तर आपली मते त्याला. या दुसऱ्या अटीवर मागच्या रविवारी बराच आवाज चढला. एक काकू शेवटी म्हणाल्या, "आपल्यालाच आपलं मत मान्य होत नाही, तर गावाला कसं होईल?" हात वर करून मोजणी केली. २३ विरुद्ध ९.