‘किती देते?’ या प्रश्नाची वंशावळ

पुण्यात कुणी नवी मोटरसायकल घेतली की पेढा तोंडात पडायच्या आत प्रश्न येतो, ‘एव्हरेज किती देते?’ रंग, किंमत, पिकअप वगैरे चौकशा नंतर. बाहेरगावच्या पाहुण्यांना यात पुणेरी चिकटपणा दिसतो. पण चिकटपणा जुना असला तरी हा प्रश्न तितका जुना नाही. त्याचं वय जेमतेम चाळीस वर्षांचं आहे. त्याआधीच्या पुण्यात गाडी पारखून घेण्याची सोयच नव्हती.

साठच्या दशकापर्यंत पुणं सायकलींचं गाव होतं. त्याच दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाज ऑटोने व्हेस्पा बनवायला घेतली आणि आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. १९७१ साली करार संपला, १९७२ साली तीच घडण ‘चेतक’ नावाने बाहेर आली. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे होती. चेतकचा नंबर लागायला दहा-दहा वर्षं लागत. परदेशातला कुणी नातेवाईक परकीय चलनात पैसे भरणार असेल, तर गाडी लवकर मिळे. अशा वेळी ‘किती देते’ कोण विचारणार? लोक ‘नंबर कधी लागणार’ एवढंच विचारत. आलेल्या स्कूटरला हार घालायचा, ती सुरू झाली नाही तर तिला एका अंगावर कलती करून मग किक मारायची, काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरने घासायचा आणि संसार पुढे रेटायचा.

या स्कूटरचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. त्याची रचना सुटसुटीत, दुरुस्ती सोपी, पण खोड मोठी. सिलिंडरमधला जळका धूर बाहेर पडण्याची वाट आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येण्याची वाट या दोन्ही एकाच वेळी उघड्या असतात. त्यामुळे ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. शिवाय इंजिनाला वंगण म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. तेही जळणार, निळसर धूर होणार. रांगेत उभं राहून मिळवलेल्या गाडीचा हा खर्च लोकांनी नशीब म्हणून सोसला.

पेट्रोलच्या हिशेबाची पहिली चाहूल दिली ती लूनाने. कायनेटिकने १९७२ साली पियाजिओच्याच ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवर ही पन्नास सीसीची, पेडलवाली गाडी काढली. पुढच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झालं, जगभर तेलाचे भाव भडकले आणि थोड्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला अचानक मोल आलं. विद्यार्थी, शिक्षिका, दूधवाले, सायकलवरून थेट स्कूटरवर उडी मारणं न परवडणारे सगळे लूनावर बसले. पण लूनाला पर्याय सायकलचा होता. दोन तुल्यबळ गाड्या शेजारी ठेवून निवड करण्याची वेळ अजून यायची होती.

ती १९८५ साली आली. हिरो होंडाची ‘सीडी १००’ ही जेमतेम ९७ सीसीची मोटरसायकल बाजारात उतरली. तिचं इंजिन फोर-स्ट्रोक. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारं वेगळी, त्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि दोन्ही आपापल्या वेळी उघडणारी. मिश्रण वाया जाणं जवळपास थांबलं आणि पेट्रोलमध्ये ऑइल घालण्याची कटकट गेली. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात टाकी भरा आणि विसरा एवढंच सांगत होती. लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा होता. स्कूटरवाल्याच्या हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास पडत असे. प्रश्न जन्मला तो इथे, कारण आता उत्तरात खरोखर फरक होता आणि गाडी निवडताही येत होती.

गंमत म्हणजे या प्रश्नाचा सगळ्यात मोठा फटका पुण्याच्याच कंपनीला बसला. बजाजने कावासाकीबरोबर १९८६ साली केबी १०० काढली, पण ती टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक ‘फोर एस चॅम्पियन’ यायला १९९१ उजाडलं. तोवर नोकरदार माणूस स्कूटरवरून मोटरसायकलकडे वळू लागला होता. २००१ साली हिरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवले. दोन टोकांनी ठिणगी पडली की मिश्रण लवकर आणि नीट जळतं. त्यामुळे ताकद हवी की बचत हा झगडा थोडा सैल झाला. पुढे डिस्कव्हर आणि प्लॅटिना आल्या. चेतकवर मोठी झालेली कंपनी २००९ मध्ये स्कूटरमधून बाहेर पडायच्या निर्णयाला आली.

ज्या आकड्यावरून दुकानात घासाघीस चालते तोही पुण्याशी नातं सांगणारा आहे. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या १९६६ सालच्या वाहन-संशोधन संस्थेचं नाव देशभरच्या जाहिरातींत एव्हरेजच्या आकड्याशेजारी छापलेलं असतं. तिथे गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात आणि बाहेर पडणाऱ्या धुरातला कार्बन मोजून किती पेट्रोल जळलं ते काढतात. अनेक वर्षं वापरात असलेला भारतीय आराखडा १०८ सेकंदांचा होता. त्यात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी सुमारे २२. म्हणजे कर्वे रस्त्याला बऱ्यापैकी न्याय, पण खंबाटकीच्या चढाला आणि मागे बसलेल्या माणसाला त्यात जागाच नाही. रोलरवर वारा लागत नाही, तो हिशेबाने धरावा लागतो. रस्त्यावर मात्र वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. ताशी ऐंशीने साताऱ्याला निघालेल्याला जाहिरातीतला आकडा भेटत नाही त्याचं कारण हे.

म्हणून लोकांनी आपली चाचणी आपणच तयार केली होती. टाकीच्या डाव्या अंगाला पेट्रोलचा कॉक असे. चालता चालता गाडी गुदमरली की नजर न वळवता हात खाली जाई आणि कॉक रिझर्व्हवर फिरे. लगेच लागणाऱ्या पंपावर मोजून दोन लिटर टाकायचं, कॉक पुन्हा ‘ऑन’वर आणायचा, किलोमीटरचा आकडा पावतीच्या मागे लिहायचा आणि पुढचा रिझर्व्ह लागेपर्यंत गाडी चालवायची. फरकाला दोनाने भागलं की झालं. या पद्धतीत आपला रस्ता, आपलं वजन, आपली क्लच दाबून धरायची सवय, टायरमधली कमी हवा, सैल पडलेली चेन, सगळं धरलं जाई. एप्रिल २०२० पासून धुराबाबतचे बीएस ६ नियम लागू झाले, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि बहुतेक गाड्यांचा कॉकही गेला. आता आकडा मीटरवर आयता दिसतो. तरी टाकी गळ्यापर्यंत भरून पुन्हा तेवढीच भरण्याची रीत जास्त भरवशाची.

प्रश्नाची नवी पिढीही पुण्यातच दिसते. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. ५ जुलै २०२४ रोजी बजाजने पुण्यात ‘फ्रीडम १२५’ ही सीएनजीवर चालणारी मोटरसायकल दाखवली. सीटखाली दोन किलोचा सिलिंडर, सोबत दोन लिटरची पेट्रोलची टाकी, किलोला १०२ किलोमीटरचा दावा. लिटरची जागा किलोने घेतली आणि सीएनजी पंपावरच्या रांगेचा वेळही हिशेबात धरावा लागला. पेट्रोलही पूर्वीचं उरलेलं नाही. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट. उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना त्यातून बाजार मिळतो, गाडीवाल्याच्या मीटरवर तीन-चार किलोमीटर कमी दिसतात.

एवढी वंशावळ उलगडल्यावर प्रश्नाचं आजचं वजन करून बघावं. महिन्याला हजार किलोमीटर चालवणारा माणूस घ्या. लिटरला ४० देणाऱ्या गाडीला २५ लिटर लागतं, ८० देणारीला साडेबारा. १९८५ च्या माणसाचं निम्मं पेट्रोल वाचत होतं, त्याने हाच प्रश्न पहिला विचारणं शहाणपणाचं होतं. आज शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एक ६० देते, दुसरी ७०. पहिलीला सुमारे १६.७ लिटर, दुसरीला १४.३. फरक अडीच लिटरच्या आत, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. आकड्यांत फरक दहाचाच असला, तरी जितकं वर जावं तितकी त्याची किंमत घटत जाते.

या अडीचशे रुपयांसाठी काय सोडतो हे मग बघावं लागतं. रोज धनकवडी ते हिंजवडी आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणी किंवा वरंधा घाट, मागे बायको आणि पाठीवर सॅक, असा वापर असेल तर शंभर सीसीची गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाते आणि तिथे तिचं एव्हरेजही राहत नाही. १२५ सीसी हा शहाणपणाचा मध्य. त्याच्या वरच्या गाडीत २०१९ पासून कायद्यानेच, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस मिळतं, १२५ पर्यंत दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस चालते. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने या रेषेकडे लक्ष द्यावं. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने मुंबईकडे जाणं जुन्या खंडाळ्याच्या घाटानेच, तेव्हा सपाट सहा पदरी रस्त्याचा वेग विकत घेण्यात अर्थ नाही. तासाभराने पाठ काय म्हणते, तिसऱ्या गिअरमध्ये दोन माणसं कात्रज चढतात का, घराजवळचा मेकॅनिक ही गाडी उघडतो का, हे आधी विचारावं. ‘किती देते’ हेही विचारावं. फक्त त्याचा नंबर आता चौथा लावावा.