वाळूतल्या गाड्या आणि वहीत न उतरलेली माणसं

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याचं एक छोटंसं पथक होतं. नाव लाँग रेंज डेझर्ट ग्रुप, थोडक्यात एलआरडीजी. त्यात साडेतीनशेच्या वर माणसं कधीच नव्हती. 1940 साली उभं राहिलं, 1945 साली बरखास्त झालं. लाखोंच्या फौजा लढत होत्या त्या युद्धात एवढ्याशा पथकाची आठवण कोण ठेवणार, असं वाटेल. पण हौशी माणसांनी ती ठेवली आहे, आणि तीही नुसती पुस्तकांत नाही, तर चालत्या गाड्यांच्या रूपात!

आधी पथकाविषयी थोडं. राल्फ बॅगनोल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी. 1920 आणि 30 च्या दशकांत सुट्टी मिळाली की हा माणूस मित्रांना घेऊन फोर्ड गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. लोकांना तो वेडेपणा वाटायचा. पण त्या भटकंतीत त्याने वाळूत गाडी कशी चालवायची याचं शास्त्रच बसवलं. वाळूच्या टेकड्या वाऱ्याने कशा बनतात यावर त्याने लिहिलेला ग्रंथ 1941 साली प्रसिद्ध झाला, आणि अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

निवृत्त झालेल्या बॅगनोल्डला 1939 मध्ये परत बोलावलं. पूर्व आफ्रिकेकडे जाताना त्याच्या जहाजाला भूमध्य समुद्रात अपघात झाला आणि तो इजिप्तमध्ये अडकला. तिथे सरसेनापती होते जनरल वेव्हेल. हो, तेच वेव्हेल, जे पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा बॅगनोल्डने आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली: वाळवंटाच्या पोटातून शेकडो मैल आत शिरून शत्रूच्या पाठीमागे नजर ठेवायची. वेव्हेलनी लगेच होकार दिला आणि तयारीला सहा आठवडे दिले.

माणसं आली प्रामुख्याने न्यूझीलंडच्या तुकड्यांतून. बरेचसे शेतकरी, यंत्राची सवय असलेले. लष्कराकडे योग्य गाड्या नव्हत्या, म्हणून कैरोतल्या विक्रेत्याकडून आणि इजिप्तच्या सैन्याकडून शेवरोले ट्रक मिळवले. न्यूझीलंडच्या सैनिकांनी या ट्रकांना माओरी नावं दिली. आर, टी आणि डब्ल्यू अशा तीन तुकड्या होत्या, आणि ट्रकचं नाव तुकडीच्या अक्षराने सुरू व्हायचं.

त्यांच्या युक्त्या वाचताना मजा वाटते. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकतं, म्हणून बॅगनोल्डने सूर्य-होकायंत्र वापरलं. मधोमध एक सुई उभी, तिची सावली अंश आखलेल्या तबकडीवर पडते, त्यावरून दिशा धरायची. रेडिएटरचं पाणी उकळून वाया जाऊ नये म्हणून वाफ नळीने एका डब्यात सोडायची. तिथे ती थंड होऊन पाणी व्हायची आणि इंजिन निवलं की ते पाणी आपोआप परत ओढलं जायचं. चाक रुतलं की टायरखाली लोखंडी पत्र्याच्या लांब पन्हळी सारायच्या. त्यासाठीचे पहिले पत्रे म्हणे कैरोच्या भंगारवाल्यांकडेच सापडले!

या पथकाचं सगळ्यात मोलाचं काम मला मात्र वेगळंच वाटतं. ते म्हणजे रस्त्यावरचा पहारा. त्रिपोली आणि बेनगाझी यांना जोडणाऱ्या किनारी रस्त्यावर, मुसोलिनीने उभारलेल्या कमानीच्या जवळ, दोन-दोन माणसं दिवसभर खुरट्या झुडपांत पालथी पडून राहायची. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद करायची. रणगाडे किती, ट्रक किती, कोणत्या दिशेला. रात्री रस्त्याच्या अगदी जवळ सरकून आवाजावरून ओळखायचं. 2 मार्च ते 21 जुलै 1942 असा हा पहारा अहोरात्र चालला. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचं तर ही आवक-जावक नोंदवही होती. गोळी न झाडता, नुसत्या नोंदीवरून रोमेलकडे किती कुमक जाते आहे ते कैरोला कळत होतं.

आता जपणुकीकडे येतो. 1980 च्या दशकात लिबियाच्या वाळवंटातून या पथकाचा एक जुना शेवरोले बाहेर काढून लंडनच्या इंपिरियल वॉर म्युझियममध्ये आणला. नाव वाइकाहा. त्याला रंग न देता, गंजलेल्या अवस्थेतच ठेवलं आहे. याउलट एलआरडीजी प्रिझर्व्हेशन सोसायटीसारख्या संस्थांतले हौशी लोक जुने सांगाडे शोधून, सुटे भाग जमवून गाड्या पुन्हा चालत्या करतात. जुनी छायाचित्रं भिंगाखाली धरून कोणता डबा कुठे बांधला होता ते ठरवतात. फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंगावरून वाद! हे सगळं पदरमोड करून, नोकरीधंदा सांभाळून.

या हौसेचा एक फायदा असा की गाडीच्या निमित्ताने माणसांचीही नोंद राहते. 31 जानेवारी 1941 रोजी जेबेल शरीफजवळ इटालियन तुकडीने यांचे ट्रक जाळले. मूर नावाचा सैनिक पायाला जखम झालेली असताना तीन सोबत्यांसह चालत निघाला. जवळपास अन्न नाही, पाणी अगदी थोडं. दहा दिवसांत सुमारे 210 मैल चालून मूर फ्री फ्रेंच सैनिकांना सापडला. सोबत्यांपैकी एक सुटकेनंतर दगावला. ही कथा आज कोणालाही तपशिलासह वाचायला मिळते.

आणि इथेच मला थोडं टोचतं. याच वाळवंटात एक इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही होती. भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांतून निवडलेले जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान जवान. तीच वाळू, तशाच गाड्या, आणि 1942 मध्ये ती एलआरडीजीच्याच बरोबरीने काम करत होती. त्यांच्या ट्रकांची नावं किती जणांना सांगता येतील?

त्यात मराठी माणूस नव्हता, पण तो फार दूरही नव्हता. किनारी रस्त्यावरच्या त्या पहारेकऱ्यांनी मोजलेले रणगाडे ज्या आघाडीकडे चालले होते, तिथे तोब्रुकमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. आपल्या बेळगावचीच रेजिमेंट! 21 जून 1942 रोजी तोब्रुक पडलं, 30 हजारांहून अधिक सैनिक कैदी झाले आणि त्यांत हे मराठेही होते. आपल्याकडे पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची संख्या सांगणारा दगड एखाद्या गावात दिसतो. दुसऱ्या महायुद्धासाठी तसा दगड सहसा नाही. जे मेले त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मिळतात. जे कैद भोगून जिवंत परतले आणि मुकाट्याने शेती करू लागले, त्यांची यादी कुठे आहे?

बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी भागातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा. वाळूच्या रंगाची फीत, मधोमध लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी रेघ आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी, असं पदक सापडलं तर तो आफ्रिका स्टार आहे. म्हणजे तुमचे आजोबा किंवा पणजोबा बहुधा त्या वाळवंटात होते. नाव, गाव, पलटण आणि घरातली म्हातारी माणसं जे सांगतील ते एका वहीत उतरवून ठेवा. परदेशातली ती मंडळी एका ट्रकच्या बोल्टसाठी वर्षानुवर्षं वणवण करतात. आपल्याला त्यासाठी एक वही आणि एक रविवार पुरेल.