लिस्टर इंजिनाचे सुटे भाग : डर्सली ते राजकोट



विहिरीवर ज्यांचे जुने लिस्टर इंजिन अजून उभे आहे, त्यांना एक प्रश्न पडतोच. मूळ कारखान्याने हे इंजिन करणे केव्हाच थांबविले, मग त्याचा पिस्टन, लायनर अजून मिळतो कसा? ही हकिकत ठाऊक असलेली बरी. भाग आणताना, करून घेताना ती उपयोगी पडते.

इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये डर्सली नावाचे गाव आहे. तेथे रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी 1867 साली शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. 1930 च्या सुमारास तेथून एक उभ्या सिलिंडरचे, दोन जड चाकांचे डिझेल इंजिन बाहेर पडले. 5 अश्वशक्ती आणि मिनिटाला 600 फेरे. पुढे 6 अश्वशक्ती आणि 650 फेरे. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची धाव साडेपाच इंच. बॅटरी नको, काही नको. हँडल मारले की चालू. फेरे थोडे म्हणून झीजही थोडी. मोटेवर बैल झिजविलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची ओढाताण सुरू झाली, आयातीवर बंधने आली. विलायतेहून भाग येईपर्यंत पीक काही थांबत नाही. सौराष्ट्रात राजकोटच्या लहान लहान ओतशाळांनी हेच इंजिन पुढे ठेवून त्याचे फर्मे केले आणि अख्खे इंजिनच ओतायला घेतले. नक्कल म्हटली की आपण नाक मुरडतो. पण आमच्या मते या नकलेनेच मूळ इंजिन जगविले. कारण 1987 साली डर्सलीत हे इंजिन बंद झाले आणि राजकोटात चालूच राहिले. मग गंमत अशी झाली, की खुद्द इंग्लंड-अमेरिकेतले जुन्या इंजिनांचे षौकी राजकोटचा माल मागवू लागले!

त्यांनाही एक धडा मिळाला बरं का. नवे इंजिन उघडले, तर आत ओतकामाची वाळू चिकटलेली निघे. ती तेलात मिसळली की बेअरिंग खाऊन टाकते. म्हणून जाणते लोक नवे इंजिनसुद्धा आधी खोलून, रॉकेलने धुऊन मगच चालवीत. आपणही ओतीव भाग नवा आणला तर तारेच्या ब्रशने घासून, धुऊन मगच बसवावा.

शिवाय सगळ्या नकला सारख्या नाहीत. मूळ इंजिनात क्रँकला रोलर बेअरिंग, तर कित्येक नकलांत साधे बुश. तेव्हा नुसते “लिस्टरचे द्या” म्हणू नये. पाटीवरचा मजकूर उतरून घ्यावा आणि जुना भाग पिशवीत घालून दुकानात न्यावा. मोडला म्हणून तो भंगारात देऊ नये.

दुकानात मिळालाच नाही, तर करून घेणे आले. इथे आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. घरी भुईमूग पाण्यावर आला होता आणि लायनर गेला. जवळच्या एका वर्कशॉपात जुना लायनर नमुना म्हणून दिला. मेस्त्रीने माप घेतले ते नेमके वरच्या रिंगेच्या जागी, म्हणजे जिथे झीज सर्वांत जास्त तिथे. नवा लायनर त्या झिजेसकट तयार झाला! पिस्टन ढिला, धूर निळा आणि दोन पाळ्या चुकल्या. माप घ्यायचे ते खाली, जिथे रिंग पोचत नाही तिथे.

दुसरे असे, की ओतलेले बीड थंड होताना आकसते. फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच. जुना भाग तसाच वाळूत दाबून साचा घेतला, तर नवा भाग तेवढा लहान येणार, वर लेथवर कातरण जाणार ती वेगळीच. फर्मा थोरला हवा. चांगला ओतारी हे सांगावे लागू देत नाही. तुम्ही मात्र विचारून घ्या.

चाकाला तडा गेला असेल तर ते वेल्डिंग करून मुळीच चालवू नये. फिरत्या वेगात ते फुटले तर तुकडे इंजिनघराचे छप्पर फाडून जातात. चाक बदलूनच घ्यावे, आणि नवे चाक बसविण्यापूर्वी हातोडीने हलके ठोकून पाहावे. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर ते परत करावे.